मिथेन नेमका कुणाचा?

प्रिय दिन्या,

हवेतला कार्बन डायऑक्साइड कोळशाचाच, ज्वालामुखीचा नाही, हे कशावरून, असं तू विचारलंस. मेसेजमध्ये मावणारं नाही म्हणून पत्रच लिहितोय.

कार्बनचे सगळे अणू एका वजनाचे नसतात, शंभरातले जवळपास 99 तरी 12 वजनाचे, एखादा 13चा. झाडं हलका 12 जास्त उचलतात आणि कोळसा म्हणजे जुनी झाडंच, त्यामुळे तो जाळला की हलका कार्बन हवेत जातो. ज्वालामुखीचा एवढा हलका नसतो. हवेतलं 13चं प्रमाण घसरतंय, एका ठरलेल्या नमुन्याशी तुलना करून ते प्रति हजारात मोजतात, आकडा जितका जास्त उणे तितका कार्बन हलका. औद्योगिक क्रांतीआधी ते उणे 6.5 होतं, आता उणे 8.5च्याही खाली. आता तू म्हणशील जंगल जाळलं तरी हेच होणार! खरंय, तिथे कार्बन-14 बघावा लागतो, हा 14 वजनाचा अणू हळूहळू नष्ट होत जातो, ताज्या झाडात तो असतो, कोळशात कधीच संपलेला असतो.

आणि हे मोजमाप गोव्यातही झालंय बरं का, काबो द रामाला. 1993पासून तिथली हवा फ्लास्कमध्ये भरून ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेच्या लॅबला जायची. जागा भारी निवडलीये, पावसाळ्यात समुद्रावरची स्वच्छ हवा येते नि हिवाळ्यात वारा फिरला की देशभरचा धूर, दोन्ही एकाच कड्यावर.

पण खरी मजा मिथेनमध्ये, हाही पृथ्वी तापवणारा कार्बनचाच वायू. 1999 ते 2006 हवेतलं त्याचं प्रमाण वाढायचं जवळपास थांबलं होतं, 2007पासून तो परत वाढतोय आणि वाढता वाढता हलका होतोय. गुरांच्या पोटातला, भातखाचरातला, दलदलीतला, कचरा डेपोतला असा सूक्ष्मजीवांचा मिथेन त्याच मापावर साधारण उणे 60, गॅसविहिरीतला उणे 40-45, म्हणून वाढीचा मोठा वाटा सूक्ष्मजीवांचा असं बरेच जण मानतात. मलाही पटतं, फक्त सरसकट एक आकडा धरायला माझा विरोध आहे, कारण गाय काय खाते त्यावर तिचा मिथेन ठरतो. ऊस, ज्वारी, मका ही मंडळी 13ला इतर झाडांएवढं टाळत नाहीत, त्यामुळे असला चारा खाणाऱ्या जनावराचा मिथेन उणे 54च्या आसपास नि भाताचा पेंढा किंवा थंड देशातलं गवत खाणाऱ्याचा उणे 68च्या. केवढा फरक! आपल्याकडच्या कडबा नि उसाच्या वाढ्यावर पोसलेल्या म्हशीला युरोपातल्या गायीचा आकडा लावलास तर तिचा वाटा गॅसविहिरींच्या खात्यात पडायला लागतो ना राव.

म्हणून एक काम कर, दादाला विचार तुमच्याकडे कारखाना चालू असताना गोठ्यात वाढं किती पडतं नि एरवी कडबा किती, अंदाजे चालेल. काकूंना नमस्कार.

तुझाच,
सुहास