डक्ट साफ न करताच औषध फवारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
नाशिक

विषय : घरातील एसी डक्टची सफाई अपुरी केल्याबद्दल व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात डक्टेबल एसी आहे. २०१७ साली घर बांधतानाच फॉल्स सीलिंगच्या वर पत्र्याचे डक्ट, म्हणजे एसीची हवा खोल्याखोल्यांत नेणारे बंद मार्ग, टाकून घेतले. थंड हवेची आठ तोंडे आणि परतीच्या हवेच्या दोन जाळ्या. फिल्टर आम्ही वेळच्या वेळी धुतो, पण डक्ट आतून कधीच साफ केले नव्हते. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खोदलेले आहेत, सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. वडिलांना दमा आहे. म्हणून तुम्हाला बोलावले.

फोनवर तुमच्या माणसाने काम फार नीट समजावले होते. मुख्य डक्टला सक्शन मशीन लावायचे, बाकीची तोंडे बंद करायची, मग एकेका तोंडातून फिरता ब्रश आत सोडायचा, म्हणजे सुटलेली धूळ खोलीत न पडता मशीनच्या हेपा फिल्टरमध्ये, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीत, जाते. त्यानंतर ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा), कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्या) आणि पाण्याचा ट्रे धुवायचा. सगळ्यात शेवटी सॅनिटायझिंगचे फॉगिंग, म्हणजे जंतुनाशक औषधाचा धूर मारायचा. अख्खा दिवस जाईल, असेही तो म्हणाला. ते ऐकूनच मी होकार दिला.

प्रत्यक्षात दोन मुले आली ती घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आणि हातातला ब्रश घेऊन. मोठे मशीन दुसऱ्या साइटवर गेले आहे, असे सांगितले. जाळ्या काढून धुतल्या, हात पोचेल तिथपर्यंत पुसले, मग धूर मारला आणि दीड तासात सामान आवरले. त्या मुलांवर माझा राग नाही. त्यांच्या हाती जे दिले, तेच त्यांनी वापरले. ब्लोअरचे झाकण मात्र उघडलेच नाही, त्याचे स्क्रू गंजून बसले आहेत तसेच आहेत. ठरले होते ७,५०० रुपये, सॅनिटायझिंगचे २,५०० वेगळे लावले, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ११,८०० रुपये मी जागेवर दिले.

संध्याकाळी एसी लावला. दहा मिनिटांत वडिलांच्या पलंगावरच्या पांढऱ्या चादरीवर काळपट कपचे पडू लागले. औषधाच्या वासाने त्यांना खोकला लागला, रात्री दोनदा ते उठून बसले. दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून त्या खोलीची जाळी काढली आणि टॉर्चने पाहिले. तोंडापासून हातभर आत ओला झालेला लाकडाचा भुसा, प्लास्टरचे तुकडे, आणि त्यात विडीचे थोटूक. म्हणजे बांधकामाच्या वेळचा कचरा जागचा हललेलासुद्धा नाही! तिथून ब्रश एकदा जरी फिरला असता, तर ते थोटूक उरले नसते.

धुळीवरच औषध मारल्याने धूळ जाते कशी? ती भिजते आणि पत्र्याला चिकटून बसते. दिसणारी धूळ पूर्ण काढल्याशिवाय डक्टमध्ये रसायन वापरू नये, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचाही सल्ला आहे. तुमच्याकडे हा क्रम पाळण्याची पद्धत आहे, फोनवर तुम्हीच ती सांगितली. आमच्या घरी ती पाळली नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

फवारलेल्या औषधाचे नाव आणि त्याचे सुरक्षा माहितीपत्रक मला आजच पाठवा, वडिलांच्या डॉक्टरांना दाखवायचे आहे. ते सगळ्यात आधी. त्यानंतर पुरेशा साधनांनिशी अनुभवी माणूस पाठवून, एकही पैसा न घेता काम पूर्ण करा आणि डक्टचे आतले फोटो आधीचे व नंतरचे असे द्या. हे जमणार नसेल तर पूर्ण ११,८०० रुपये परत करा. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, फोटो आणि फोनवरच्या बोलण्यानंतर तुम्ही पाठवलेला व्हॉट्सअॅप संदेश सोबत जोडले आहेत.

एसी तेव्हापासून बंद आहे. ती जाळी मी परत बसवलेली नाही, आतला कचराही तसाच ठेवला आहे, तुमच्या माणसाने येऊन स्वतः पाहावा. येण्याआधी फोन करा. दुपारी दोन ते चार वडील झोपलेले असतात.

कळावे,
आपला ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक