लघुग्रहांवरचे पाणी आणि लातूरची रेल्वे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘विज्ञानमालिकांत राजकारण नको’ अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचले. अंतराळयाने आणि परग्रह दाखवता दाखवता या मालिका अलीकडे प्रचार करू लागल्या आहेत, अशी त्यांची तक्रार आहे. जगभरातील अनेक चाहतेही ती करीत असतात. परंतु हा प्रकार अलीकडचा आहे, हे म्हणणे टिकत नाही. रॉड सर्लिंग या अमेरिकी लेखकाने एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येवरून सुचलेले नाटक १९५६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी लिहिले, तेव्हा प्रायोजकांच्या धास्तीपायी त्यातील वंशद्वेषाचा संदर्भ पार पुसला गेला. पुढे १९५९ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ सुरू करून त्यांनी माणसांच्या तोंडून बोलता न येणाऱ्या गोष्टी परग्रहवासीयांच्या आडून मांडल्या. ‘स्टार ट्रेक’च्या जानेवारी १९६९ मधील एका भागात अर्धा चेहरा काळा आणि अर्धा पांढरा असलेले दोघे परस्परांचे हाडवैरी आहेत, आणि दोघांत फरक एवढाच, की एकाची उजवी बाजू काळी आहे तर दुसऱ्याची डावी. (सूक्ष्मतेबद्दल या भागाला कोणी बक्षीस देणार नाही, हे मान्य.)

पैठणच्या नाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा तो कोणता विंचू, हे मराठवाड्यातल्या श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही, आणि कळल्यामुळे त्याचे हसूही कमी होत नाही. असे असताना आपल्याकडच्या चाहत्यांनी रूपकाला बिचकावे, याचे नवल वाटते.

मला विशेष लिहायचे आहे ते ‘द एक्स्पान्स’ या मालिकेविषयी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत मानवजात तीन तुकड्यांत विभागली आहे: पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा. पट्ट्यातील लोक खनिजे खणतात, बर्फ वाहतात, पण स्वतः मात्र मोजून मिळणाऱ्या पाण्यावर आणि हवेवर जगतात. पट्ट्यातील सेरेस या बटुग्रहावर एके काळी मुबलक बर्फ होते, ते पृथ्वी आणि मंगळाने उपसून नेले, हे त्यांचे जुने दुखणे आहे. पिढ्यान्‌पिढ्या कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्याने त्यांची हाडे अशी झाली आहेत, की पृथ्वीवर आणून नुसते टांगून ठेवले तरी त्यांचा छळ होतो. आणि पहिल्याच भागात तो छळ एक सुसंस्कृत, नातवावर जीव टाकणारी आजी करवते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले लातूरकरांनी पाहिले आहे, आणि त्याआधी मार्चमध्ये शहरातील पाण्याच्या टाक्यांभोवती लागू झालेली जमावबंदीही अनुभवली आहे. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडायचे की नाही, हा वाद टंचाईच्या वर्षी न्यायालयापर्यंत जातो. एवढे सगळे पाहिलेल्या प्रेक्षकाला सेरेसवरच्या रांगा म्हणजे ‘घुसवलेले राजकारण’ वाटावे कसे? पाण्याचे भांडण वगळले तर या मालिकेत यानांचे आवाज तेवढे उरतील. मे २०१८ मध्ये मूळ वाहिनीने ती बंद करण्याचे ठरवले, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून ॲमेझॉनच्या स्टुडिओवर विमानाने फलक फिरवला आणि त्याच महिन्यात ती कंपनी मालिका पुढे चालवायला तयार झाली. ही धडपड निव्वळ यानांसाठी झाली असेल, असे मला वाटत नाही.

चाहत्यांची दुसरी तऱ्हा मात्र मलाही खटकते. पट्टा म्हणजे अमुक देश, मंगळ म्हणजे तमुक, अशी दहावीच्या गाइडसारखी उत्तरे काढून ते मोकळे होतात. अशा वाचनात आपल्या सोयीचे तेवढेच दिसते. पाचव्या पर्वात मार्को इनारोस हा पट्ट्याचा नेता पृथ्वीवर लघुग्रह आदळवून लाखो माणसे मारतो. त्याने सांगितलेला अन्यायाचा इतिहास बहुतांशी खरा आहे, पण त्याला हवी आहे ती सत्ता, आणि त्यासाठी सेरेसवरच्या आपल्याच लोकांना उपाशी सोडून जायला तो कचरत नाही. अनुशेष आणि पाण्याच्या प्रश्नावर सभा जिंकणारे पुढारी आपण कमी ऐकलेले नाहीत. त्यांतील कोणाकोणाचे टँकर आणि कोणाकोणाचे कारखाने, हेही गावोगाव ठाऊक असते. नाशिक-नगरकडे बोट दाखवताना आपल्याच जिल्ह्यातील उसाला किती पाणी जाते, हे मार्कोसारखे वक्ते सांगणार नाहीत. तक्रार खरी असूनही ती मांडणारा धोकादायक असू शकतो, ही गोष्ट वर्तमानपत्रात नाव घेऊन लिहिणे किती अवघड आहे, हे संपादक या नात्याने आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

म्हणून पुरवणीतील मालिकांच्या परीक्षणांतून राजकारणाची चर्चा गाळावी, ही त्या वाचकांची सूचना आपण स्वीकारू नये. उलट, जमल्यास परीक्षणे इथल्याच एखाद्या लेखकाकडून लिहवून घ्यावीत. सध्या छापली जाणारी बरीच परीक्षणे परदेशी मजकुरावरून उतरवल्यासारखी वाटतात, आणि सेरेसवरच्या पाण्याबद्दल लिहिताना त्यांत मांजरा किंवा गोदावरीचा उल्लेखही नसतो.

आपला,
एक नियमित वाचक, लातूर