ऑपरेटर काका, तुमचे आभार

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या जुन्या चित्रपटगृहांचे नकाशे आणि नोंदी करायचं आमचं काम तुमच्यामुळे, आयुष्यभर सिनेमाचं मशीन चालवलेल्या ऑपरेटरमुळे, पूर्ण झालं. फोनवर तसं म्हटलं तर तुम्ही म्हणालात, ‘मी काय केलं? गप्पा तर मारल्या.’ म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. त्या गप्पांत काय होतं ते इतरांनाही कळू दे.

तारखा आमच्याकडे होत्या. आर्यन 1915 चं. किबे लक्ष्मी 1934 चं. तेच पुढे कितीतरी वर्षं प्रभात म्हणून गाजलं, आणि 2014 च्या अखेरीस किबे कुटुंबाकडे परत गेल्यावर त्याला जुनं नाव पुन्हा मिळालं. मिनर्व्हा, भानुविलास, विजय, अलका, सगळ्यांच्या फायली केल्या होत्या. मंडईत तर फाईलही लागत नाही. आर्यन आणि मिनर्व्हाच्या जागी वाहनतळ आले, तरी लोक अजून ‘आर्यनला गाडी लावलीय’ असंच सांगतात. पण प्रेक्षकांच्या डोक्यामागे, वरच्या अंगाला असलेल्या त्या मशीनच्या केबिनमध्ये दिवसभर काय चालायचं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. आमच्या नकाशात तो नुसता एक चौकोन होता.

केबिनच्या भिंती एवढ्या जाड का, खिडक्या हातभरही नाहीत त्या का, त्यांवर लोखंडी झडपा कशाला, जिना बाहेरून का, हे तुम्ही एका दमात सांगितलंत. 1950 च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी असायची. ती एकदा पेटली की पाण्यानंही विझत नसे. आग लागलीच तर ती केबिनमध्येच कोंडली जावी आणि खालची माणसं वाचावीत, यासाठी ती सगळी रचना. म्हणजे आग आत आणि ऑपरेटरही आत. तुमच्या उस्तादांनी त्या काळात काम केलं होतं. त्यांच्याबद्दल बोलताना तुमचा आवाज बदलला, तो आमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

छपरावरचं पत्र्याचं नळकांडं आम्ही मोजून काढलं होतं. ते मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या धुरासाठी असतं हे तुम्ही सांगितलंत. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मधे तो डोळे दिपवणारा झोत. कांड्या जळून आखूड होत जाणार, म्हणून काळ्या काचेतून बघत सतत अंतर राखायचं. जरा दुर्लक्ष झालं की पडद्यावरचा उजेड मंदावणार आणि खालून शिट्ट्या सुरू. कांड्यांऐवजी झेनॉन वायूचा दिवा आल्यावर हा ताप गेला. तरी कार्बनच्या उजेडाची सर त्याला नाही, असं तुम्ही ठामपणे म्हणालात, आणि तुम्ही दोन्ही उजेडांत आयुष्य काढलं असल्यानं मी ते तसंच नोंदवलं आहे.

चेंजओव्हर, म्हणजे एका मशीनवरचं रीळ संपताना चित्रपट न थांबवता दुसऱ्या मशीनवर जाणं, मात्र मला पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो. सेकंदाला 24 चित्रं, फुटात 16 चित्रं, म्हणजे दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटांत संपणार. शेवट जवळ आला की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्या क्षणी एका मशीनची झडप बंद, दुसऱ्याची उघडी, आवाजही तिकडे. तीन तासांच्या चित्रपटात हे निदान सहा-सात वेळा, दिवसाला चार खेळ, रविवारी मॉर्निंग शो धरून त्याहून जास्त. आणि कुणाच्या लक्षातही यायला नको! मी लहानपणापासून कितीतरी सिनेमे असे पाहिले आणि मला एकदाही कळलं नाही, हीच तुमच्या कामाची पावती.

इमारती वाचताना बघून मला फार आनंद होतो. मुंबईतलं रॉयल ऑपेरा हाउस 1993 मध्ये बंद पडलं होतं, ते नीट दुरुस्त होऊन 2016 मध्ये उघडलं. चर्चगेटसमोरचं 1938 चं इरॉस 2024 मध्ये पुन्हा सुरू झालं. आतलं सगळं नवं, पण तो दर्शनी चेहरा शाबूत आहे. असं प्रत्येक गावात व्हावं. ते बहुतेक ठिकाणी झालं नाही, आणि त्यात नुसता प्रेक्षकांचा दोष नाही. 2001 च्या धोरणानं मल्टिप्लेक्सना करमणूक करात मोठी सवलत दिली. एकपडदा चित्रपटगृहं कर भरत राहिली. मला हा अन्याय वाटतो. त्यात कितीतरी मालक खचले आणि त्यांच्यासोबत तुमच्यासारखे कामगारही.

आणि इमारत वाचली तरी तुमची विद्या वाचतेच असं नाही. आधी रिळांच्या पेट्या गेल्या, मग मशीनं भंगारात गेली. आपल्याकडे हे याआधीही झालं आहे. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज मॅजेस्टिक नाही आणि त्या चित्रपटाची एकही प्रत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग तरी आपण पाहू शकतो, तो पी. के. नायर यांच्यामुळे. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि त्यासाठी नायर यांनी गावोगाव फिरून रिळं गोळा केली. फिल्मसाठी असा माणूस लाभला. ती फिल्म चालवणाऱ्या हातांसाठी कुणी फिरलं नाही, म्हणून तुम्ही आम्हाला दिलेल्या दुपारी मला इतक्या मोलाच्या वाटतात.

काकूंचेही आभार. शेवटचा खेळ संपवून तुम्ही रात्री दीडला घरी यायचात, सणाला कधीच घरी नसायचात, कारण दिवाळीतच नवा चित्रपट लागायचा. हे त्यांनी सांगितलं नसतं तर तुम्ही सांगितलंच नसतं.

एक विनंती हे पत्र वाचणाऱ्यांना. तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत कुणी ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, पोस्टर रंगवणारा असेल तर त्यांच्याशी आत्ता बोला. फोनवर रेकॉर्ड करा. जुनी तिकिटं, पासबुकं, डायऱ्या टाकू नका.

काका, फिल्म खरवडून सिमेंटनं, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रवानं, जोड कसा देतात ते विद्यार्थ्यांना करून दाखवायचं तुम्ही कबूल केलं आहे. संग्रहातून थोडी टाकाऊ फिल्म मिळाली आहे, ब्लेड आणि सिमेंटची बाटली मी आणते. पुढच्या रविवारी दहाला येतो आम्ही. चहा करू नका म्हणावं काकूंना, मुलं बरीच आहेत.

तुमची कृतज्ञ,
नकाशेवाली