सध्या कशाची चलती आहे, म्हणतेस?

पुणे,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय नंदू,

तुझं पत्र मंगळवारीच आलं, पण उत्तराला रविवार उजाडला. आठवडाभर लायब्ररीत पीएच.डी.वाल्यांची झुंबड होती, त्याचं पुढे सांगते. ईरा एम.एस्सी. झाली, तेही फिजिक्समध्ये, हे वाचून मला इतका आनंद झाला की शेजारच्या काकूंना जाऊन सांगून आले. त्यांना ईरा कोण हेही माहीत नाही.

आता तुझा प्रश्न. "तू दिवसभर जर्नलांच्या गराड्यात असतेस, तर सध्या संशोधनात कशाची चलती आहे ते सांग, म्हणजे पोरीला त्यात घालू." अगं, मार्केट यार्डात कांद्याचा भाव विचारावा तसं विचारलंस! आणि तुझे दीर म्हणतात ना, "एआय घे, बाकी सगळं बुडणार", त्यांचं निम्मं खरं आहे. हल्ली माझ्या टेबलावर येणाऱ्या दर दुसऱ्या प्रस्तावात एआय असतं, मग विषय कापसावरची बोंडअळी असो की संतसाहित्य. २०२४ चं फिजिक्सचं नोबेलसुद्धा हॉपफील्ड आणि हिंटन यांना मिळालं, ते एआयच्या मुळाशी असलेल्या न्यूरल नेटवर्कच्या कामासाठी. त्याच वर्षी केमिस्ट्रीचं अर्धं नोबेल हसाबिस आणि जम्पर यांना मिळालं, अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमसाठी.

या अल्फाफोल्डचं जरा नीट सांगते, कारण तुझ्या दिरांना उत्तर त्यातच आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ती स्वतःभोवती घडी घालून बसते आणि त्या घडीवर तिचं काम ठरतं. माळ माहीत असली तर घडी ओळखता येईल का, हा प्रश्न पन्नास वर्षं पडून होता. एकेका प्रोटीनची घडी प्रयोगशाळेत उलगडायला कधीकधी वर्षं जायची. २०२० साली अल्फाफोल्डने बहुतेक घड्या बरोबर ओळखून दाखवल्या आणि २०२२ पर्यंत सुमारे २० कोटी प्रोटीनांचे अंदाजी आकार सगळ्यांसाठी खुले झाले. पेपरात बातमी आली ती एवढीच, यंत्राने चमत्कार केला. पण यंत्र शिकलं कशावर? १९७१ मध्ये 'प्रोटीन डेटा बँक' नावाची एक पेढी सुरू झाली. जगभरची माणसं आपापल्या प्रोटीनचे स्फटिक करून, त्यांवर क्ष-किरण सोडून, मिळालेला आकार तिथे जमा करत राहिली. त्यातल्या बहुतेकांची नावं तुलामला कधी कळणार नाहीत. त्यांनी अर्धं शतक भरलेल्या पासबुकावर हे नोबेल उभं आहे. लायब्ररीवाली असल्यामुळे मला जमा करणाऱ्यांबद्दल जरा जास्तच वाटतं, हे तू धरून चालच.

तुझ्या इतिहासवाल्यांची चलती म्हणशील तर जुन्या हाडांतला डीएनए. सिंधू संस्कृतीतल्या राखीगढीचं तू वर्गात सांगतच असशील. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या टीमने हरियाणात खणलं. आपल्याकडच्या उकाड्यात हाडातला डीएनए टिकत नाही. साठ-एकसष्ट नमुने तपासले, तेव्हा एका बाईच्या सांगाड्याने कसाबसा डीएनए दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यावरचा निबंध 'सेल' या जर्नलमध्ये आला. तिच्यात गवताळ स्टेपी प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. दुसऱ्या दिवशी चॅनेलांवर, आर्य बाहेरून आले की इथलेच, या वादातल्या दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो म्हणून पेढे वाटले! खरं तर त्याच सुमारास 'सायन्स'मध्ये आलेल्या जोडनिबंधात तो अंश नंतर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या पहिल्या अर्ध्यात इकडे आला, असं मांडलेलं होतं. पण दोन्ही निबंध वाचणार कोण? चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी गेलेली एकटी बाई, आणि तिच्या डोक्यावर अख्ख्या संस्कृतीचं ओझं.

औषधांच्या बाजूला जनुकं कापून दुरुस्त करण्याचं वारं आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या तशा पहिल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानगी दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे सिकलसेल कुठे आहे? नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट. यापुढे मी काय लिहू? त्यापेक्षा आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या कॅन्सरवर जी कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच पेशी बदलून त्यांना कॅन्सरशी लढायला लावायचं) काढली, तिला मी जास्त मानते. परदेशातल्या किमतीच्या काही अंशात त्यांनी ती बसवली.

आता त्या झुंबडीचं. आमच्याकडे प्रबंध सादर करण्याआधी मजकुराची चोरी तपासायला लायब्ररीत येतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे जुळणारा मजकूर दहा टक्क्यांपर्यंत असला तर चालतो. बुधवारी एका मुलाचं प्रकरण सहा टक्क्यांवर पास झालं. सहज चाळायला घेतलं, तर ब्रेस्ट कॅन्सरच्या जागी 'बोझम पेरिल'! म्हणजे 'वक्षसंकट' म्हण. चार पानांनी आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं, बनावट शुद्ध. मी हसत सुटले, तो रडवेला झाला. म्हणाला, "मॅडम, सर म्हणाले दहाच्या आत आणा, म्हणून एका टूलमधून फिरवून घेतलं." टूल प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द लावतं, मग चोरी सापडत नाही. बिचाऱ्याला वाटत होतं, ही युक्ती त्यालाच सुचली. असल्या पिळवटलेल्या शब्दांचा माग काढणं हा फ्रान्समधल्या गियोम काबानाक यांचा अभ्यासच आहे. २०२१ पासून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी छापील निबंधांत हे शब्द शोधून काढलेत. मला त्या मुलाच्या प्रकरणात सापडले तेच दोन त्यांच्या यादीत होते.

त्याहून गमतीचा शब्द आहे 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी'. अशी कुठली मायक्रोस्कोपीच नाही, असते ती 'स्कॅनिंग'! १९५९ च्या एका निबंधाचं पान दोन रकान्यांत होतं. स्कॅन करताना डाव्या रकान्यातला 'व्हेजिटेटिव्ह' उजवीकडच्या 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी'ला चिकटला. पुढे इराणमधल्या निबंधांतही तो उगवला, कारण फारसीत 'स्कॅनिंग' आणि 'व्हेजिटेटिव्ह' यांच्यात म्हणे एका टिंबाचा फरक. आता एआयने हे सगळं वाचलंय, तेही तो शब्द बिनदिक्कत वापरतं. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर राहून 'ध'चा 'मा' कसा होतो हे मला कुणी शिकवायला नको, पण तो असा जगभर फिरेल असं वाटलं नव्हतं. एकट्या २०२३ मध्ये दहा हजारांहून जास्त शोधनिबंध मागे घ्यावे लागले. छापून आलेलं खरं किती, यावरच आता संशोधन चालतं. ती चलती मात्र खरी.

म्हणून ईराला माझ्याकडे पाठव. तिला खोडदला न्यायचं मनात आहे.

नारायणगावच्या पुढे, टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांमधून वळलं की ती रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांनी उभी केली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा एका ठिकाणी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. मागच्या वर्षी गेले होते. लांबून तबकडी भक्कम वाटते. खाली जाऊन मान वर केली तर जाळीतून आरपार आकाश! बारीक तारांची विणलेली जाळी, म्हणून वारा अडत नाही आणि खर्चही आटोक्यात राहिला. माझ्या शेजारी एक शाळकरी पोरगा होता. त्याने तिथल्या मुलीला विचारलं, "ताई, यात पिक्चर दिसतो का?" ती म्हणाली, "दिसत नाही रे, टिकटिक ऐकू येते."

ती टिकटिक पल्सारची. मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा, कधीकधी सेकंदाला शेकडो गिरक्या घेतो आणि दर गिरकीला रेडिओचा एक ठोका पाठवतो, घड्याळाला लाजवेल इतका नेमका. दोन आकाशगंगा एकत्र आल्या की त्यांच्या पोटातली अवाढव्य कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरू लागतात. त्यातून अवकाशालाच लाट सुटते, तिला गुरुत्वीय लाट म्हणतात, आणि ठोके सेकंदाचा अगदी बारीक अंश पुढेमागे होतात. पण एक लाट यायला-जायलाच वर्षं लागतात. म्हणजे मोजत बसायचं. युरोपातल्या गटाने २५ पल्सारांचे २५ वर्षांचे ठोके जमवले होते. खोडदच्या भारतीय-जपानी गटाने त्यात आपली मोजमापं घातली. वाटेतल्या विरळ वायूमुळे ठोक्यांना जो उशीर होतो, तो खोडदच्या कमी वारंवारतेवर चांगला पकडता येतो आणि वजा करता येतो. २९ जून २०२३ ला त्या लाटांचा पुरावा जाहीर झाला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन यांच्या गटांनीही तेव्हाच आपापले निकाल मांडले. 'सापडल्या' असा शब्द मात्र कुणीच वापरला नाही, 'पुरावा' म्हणाले. त्या मुलीने मला पडद्यावर एक आलेख दाखवला. एका रेषेभोवती विखुरलेले ठिपके, बस्स. त्यातल्या काही ठिपक्यांच्या रात्री तिने स्वतः जागवलेल्या होत्या. कुठल्या ते बोट ठेवून सांगितलं. आमच्या बुधवारच्या मुलाला त्याच्या प्रबंधातली एक ओळ अशी बोट ठेवून सांगता आली नसती.

हिंगोलीजवळ औंढा नागनाथला लायगो ही गुरुत्वीय लाटा टिपणारी वेधशाळाही व्हायची आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. तिथल्याही लाटाच, पण वर्षं न लावता भराभर येणाऱ्या. ईराला त्यात रस असेल तर तेही बघू. विषय मात्र तिने निवडावा, तू किंवा तिच्या काकांनी नाही. आणि गाईडबद्दल आधीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना चहा पाजून विचारायचं. जर्नलमध्ये ते छापून येत नाही.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं. यंदा २८ शनिवारी येतेय. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीत तिला बसव, स्वारगेटला मी उभी असेन. तूही आलीस तर सोन्याहून पिवळं.

तुझी,
माधुरी

ता. क. कुंदा आणायला विसरू नका, बेळगावहून रिकाम्या हाताने आलेल्यांना मी घरात घेत नाही. आणि खोडदला मोबाईल बंद ठेवावा लागतो, त्या दुर्बिणीला आपल्या फोनचा त्रास होतो. हे ईराला आत्ताच सांगून ठेव, नाहीतर तिथे पोचल्यावर तोंड पाडेल.