तर्कशास्त्रासाठी बारावीची वाट कशाला?

महोदय,

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात गणिती तर्कशास्त्र बारावीत येते. त्याआधी भूमितीत पक्ष, साध्य आणि सिद्धता असतात, पण अनेक मुले त्या केवळ पाठ करतात, याचे शिक्षिका म्हणून मला फार वाईट वाटते.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली मांडलेले चार पत्त्यांचे कोडे मी नववीच्या वर्गात मराठी अक्षरांत देते. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसरीकडे अंक. समोर दिसतात अ, क, ४ आणि ७. ‘एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो’ हा नियम तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटावेत? बहुतेक मुले अ आणि ४ सांगतात. बरोबर उत्तर अ आणि ७ आहे, कारण ४ च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही, ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. हे पटेपर्यंत वर्गात जो वाद रंगतो, त्यातूनच विधान आणि त्याचा व्यत्यास (म्हणजे ‘जर’ आणि ‘तर’ यांची अदलाबदल करून मिळणारे विधान) यांतला फरक मुलांना स्वतःहून उमगतो. पुढे दहावीत पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास वेगळा का सिद्ध करायचा, हे समजावत बसावे लागत नाही.

अशा कोड्यांसाठी शाळांनी आठवड्यातून एक तासिका द्यावी, आणि तिला गुण ठेवू नयेत, ही कळकळीची विनंती.

— एक गणित शिक्षिका