व्रण का उठतो, हे कुणी सांगतच नाही

संपादक महोदय,

दिवाळीच्या चकल्या तळताना कढई कलंडली आणि माझ्या वहिनीचा हात कोपरापर्यंत भाजला. जखम भरली, आम्ही निर्धास्त झालो. दोन महिन्यांनी तिथे लाल, ताठर, खाजरा व्रण वर आला. ‘वांगं खाल्लंस’पासून ‘तुझी कातडीच तशी’पर्यंत सगळं तिला ऐकावं लागलं.

कारण वांग्यात नाही, रोगप्रतिकारशक्तीत आहे. भाजल्यावर मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी जखमेत येतात, मेलेला भाग साफ करतात आणि दुरुस्तीचा हुकूम सोडतात. टीजीएफ-बीटा हे हा हुकूम पोचवणारं एक रसायन. ते मिळताच फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारे प्रथिनांचे धागे, विणू लागतात. काम संपल्यावर हा हुकूम मागे घेतला जायला हवा. पण खोल भाजलेल्या जखमेत दाह रेंगाळतो आणि कोलॅजेनचे थर चढतच राहतात. खाजेत मास्ट या रोगप्रतिकारक पेशींतल्या हिस्टामिन या खाज आणणाऱ्या रसायनाचाही हात असतो.

जखम भरायला ३ आठवड्यांहून अधिक लागले तर असा व्रण उठण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे सावध व्हायचं ते जखम उघडी असतानाच! आम्हाला मात्र घरी सोडताना फक्त मलम लिहून मिळालं. व्रण दाबून ठेवणारे घट्ट ‘दाबाचे कपडे’, सिलिकॉन जेल, व्यायाम यांबद्दल चकार शब्द नाही. डिस्चार्ज कार्डावर एवढ्या दोन ओळी तरी छापाव्यात.

दाबाचे कपडे दिवसाचे २३ तास, तेही महिनोन्महिने घालायचे, हे कळल्यावर वहिनी म्हणाली, “मग कणीक कोण मळणार?”

– एक वाचक, सातारा