सुविचाराखाली एक फोन नंबर लिहा

संपादक महोदय,

आमच्या वाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळेच्या भिंतीवर ‘सदा सत्य बोलावे’ असा सुविचार रंगवलेला आहे. म्हणजे होता. दोन पावसाळ्यांत शेवाळाने ‘सत्य’ खाल्लं, आता ‘सदा बोलावे’ एवढंच उरलंय आणि मुलं ते मनापासून पाळतात.

या शाळेत मी दहा वर्षं आमच्या स्वयंसाहाय्य गटातर्फे दुपारची भाजी-पाव करून दिली. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणून थांबले. गेल्या वर्षी लेकीकडे कॅलिफोर्नियात सहा महिने राहून आले. नात तिथे चार्टर शाळेत दुसरीत आहे. चार्टर म्हणजे पैसा सरकारचा, फी नाही, धर्माची शिकवण नाही, पण कारभार एका मंडळाचा, तोही लेखी करारावर. करारात कबूल केलेलं केलं नाही तर मुदत वाढवून मिळत नाही, शाळा बंदही होते. असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने. जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की चिठ्ठ्या टाकतात. लेकीच्या शेजारणीच्या मुलाची चिठ्ठी निघाली नाही, ती अजून त्या फाटकासमोरून जाताना मान फिरवते. नेहमीच्या सरकारी शाळांतली मुलं आणि मुलांमागून येणारा पैसा या शाळा ओढून नेतात, अशी तक्रार तिथेही आहेच. तेव्हा आपल्या शाळा कुणा संस्थेच्या हवाली करा असं मी सांगतेय, असा अर्थ कृपया कुणी काढू नये.

सुविचार तिथेही फाटकावर रंगवलेले आहेत. दया, कुतूहल, जबाबदारी. मी मनात म्हटलं, चला, रंगारी सगळीकडे सारखेच. पण एकदा मी फोनवर मोठ्याने बोलत असताना नातीने माझ्यापुढे बोट धरलं आणि शांतपणे म्हणाली, ‘आजी, मी बोलत होते. माझं झाल्यावर तू बोल.’ वर्गात रोज सकाळी गोल करून बसतात आणि एकाचं पुरं होईपर्यंत दुसरा तोंड उघडत नाही, असं कळलं. आमच्या ग्रामसभेला हे शिकवायला कुणी मिळेल का, हा निराळा विषय.

मला खरी भुरळ घातली ती तिच्या दप्तरातल्या कागदांनी. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात एक जाडसर फोल्डर घरी आला. नाश्ता आणि जेवण सगळ्यांना फुकट, मिळकतीचा दाखला नको (त्या राज्यात २०२२ पासून सगळ्या सरकारी खर्चाच्या शाळांत तसं आहे). मूल वाचनात मागे पडतंय असं वाटलं तर कुणाला भेटायचं, घर सुटलं, राहायला जागा नाही, तर कुणाला फोन करायचा, दुभाषा हवा असेल तर कुठे खूण करायची. प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव आणि नंबर. कागद इंग्रजीत आणि मागच्या बाजूला स्पॅनिशमध्ये. पंधरा टक्के मुलांच्या घरी दुसरी भाषा बोलत असतील तर शाळेच्या सूचना त्याही भाषेत द्यायच्या, असा तिथे कायदाच आहे.

तो कागद हातात धरून मला आठवला आमचा तिसरीतला एक मुलगा. आईबाप कर्नाटकातून बांधकामावर आलेले. पोर वही नाकाला लावून लिहायचा. बाईंनी त्याला पुढच्या बाकावर घेतला. एकटी बाई चार वर्ग सांभाळते, यापलीकडे ती काय करणार? एक दिवस त्याची आई स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात आली आणि तिने चार घड्या घातलेला कागद पुढे केला. ‘कितना भरना है?’ तिला ते बिल वाटलं होतं. आरोग्य तपासणीच्या पथकाने दिलेली इंग्रजी चिठ्ठी ती, डोळे दाखवून घ्या म्हणून. आठ महिने दप्तरात पडून होती. ही तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते, सरकारी शाळांत वर्षातून एकदा, आणि पुढचे उपचारही फुकट. हे त्याच्या आईला सांगणारं कुणी नव्हतं. मलाही तोवर ठाऊक नव्हतं. इस्पितळात नेलं, चष्मा लागला. चष्मा घालून पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा ताटात बोट घालून विचारतो, ‘आजी, भाजीत हे काळं काळं काय?’ मोहरी होती. तीन वर्षं माझ्या हातची भाजी खात होता.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन-चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या बायका, शाळेच्या विकासाचा आराखडाही त्यांनीच करायचा. आमच्या समितीत मीही नातवाची पालक म्हणून दोन वर्षं होते. सह्या केल्या. आराखडा कधी पाहिला नाही आणि मागितलाही नाही, हे ‘सदा सत्य’ पुसलं गेलं असलं तरी कबूल करते.

भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे माझं मागणं एका पानाचं आहे. शाळा सुरू होते त्या दिवशी प्रत्येक घरी एक कागद जावा. पुस्तकं, गणवेश, जेवण, तपासणी यांतलं काय मुलाच्या हक्काचं, समितीत कोण, बैठक कधी, आणि अडलं तर कुणाला फोन करायचा. मराठीत, कोकणीत, आणि जिथे घरात कन्नड किंवा हिंदी बोलतात तिथे त्या भाषेत. नंबर उचलला जाईल असा द्यावा.

आमच्या शाळेपुरता झेरॉक्सचा खर्च आमचा गट करील, बायकांशी बोलून झालंय. कन्नड मजकूर त्या मुलाचा बाप लिहून देतो म्हणालाय. तो गावाकडे सातवीपर्यंत शिकलाय आणि अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

एक आजी,
सत्तरी, गोवा